निखाऱ्यांवरचं श्रीनगर

बनिहाल येईपर्यंत डोंगर तपकिरीच होते. कड्यांच्या सावलीत बर्फाचे पांढरे पट्टे, ओढ्याच्या काठी उघडेबोडके पॉपलर, एवढाच काय तो हिवाळा. मग गाडी पीर पंजालच्या पोटात शिरली. सव्वाअकरा किलोमीटरचा हा बोगदा संपवून पलीकडे काझीगुंडला बाहेर पडलो, तर सगळं खोरं पांढरं. रुळांच्या दोन्ही बाजूंची भातखाचरं, सफरचंदांच्या बागा, घरांची उतरती पत्र्याची छपरं, सगळ्यांवर बर्फ. एकाच डोंगराच्या दोन अंगांना दोन वेगळे ऋतू नांदत होते.

श्रीनगरचं हिवाळ्यातलं जेवण समजून घ्यायचं तर हा डोंगर आधी लक्षात ठेवावा लागतो. १९४७पर्यंत काश्मीरचा मुख्य रस्ता बारामुल्लावरून झेलमच्या काठाने रावळपिंडीकडे उतरायचा. फाळणीनंतर तो बंद झाला आणि उरली ती बनिहालची खिंड. हिवाळ्यात ती बर्फाने भरून जायची. १९५६मध्ये जवाहर बोगदा झाला, तरी दरडी आणि हिमकडे कोसळून रस्ता आठवडाआठवडा बंद राहणं नेहमीचंच होतं. रेल्वेचा बोगदा २०१३मध्ये सुरू झाला. चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल जून २०२५मध्ये खुला झाला आणि खोऱ्याची रेल्वे उरलेल्या देशाशी जोडली गेली. म्हणजे वर्षातले काही महिने आपण जगापासून तुटणार, हे गृहीत धरूनच इथल्या पिढ्यान् पिढ्यांनी आपली कोठारं भरली आणि चुली रचल्या. त्या सवयी रेल्वे आली म्हणून लगेच जात नाहीत.

श्रीनगरच्या स्टेशनाबाहेर पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती रिकाम्या बाह्यांची. गुडघ्यांखाली येणारा जाड लोकरी फेरन घातलेली माणसं उभी होती. हात बाह्यांत नव्हते, आत पोटाशी होते. प्रत्येकाच्या पोटावर एक फुगवटा. एक गृहस्थ गाडीवाल्याशी भाड्याचं बोलताना मधेच फेरनच्या गळ्यातून खाली फुंकर मारत होते. आतल्या कांगडीतल्या, म्हणजे टोपलीत बसवलेल्या मातीच्या भांड्यातल्या, निखाऱ्यांवरची राख उडवायची ती फुंकर. इतक्या लोकांना चालता-बोलता विस्तव अंगावर वागवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

चिल्लई कलान चालू होता. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा हा काळ, थंडीचा गाभा. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. सुमारे १५८५ मीटर उंचीवरच्या या शहरात डिसेंबर २०२४मधल्या एका रात्री पारा उणे ८.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री नळ गोठतात, दल सरोवराच्या काठाशी बर्फाची साय धरते. तरीही या थंडीबद्दल इथले लोक तक्रारीच्या सुरात बोलत नाहीत. या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ घट्ट होऊन डोंगरावर टिकतो आणि तोच उन्हाळ्यात झरे, कालवे, भात आणि सफरचंदं पोसतो. २०२४चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, त्याची आठवण मला भेटलेल्या प्रत्येकाने काळजीने काढली. पहिला बर्फ पडला की एकमेकांना ‘शीन मुबारक’ म्हणतात आणि त्या निमित्ताने थोरांकडून जेवण उकळायची जुनी रीतही आहे.

माझा मुक्काम जुन्या शहरातल्या एका कुटुंबाकडे होता. घर विटा-लाकडाचं, तीन मजली. उन्हाळ्यात हे कुटुंब घरभर पसरतं. हिवाळ्यात सगळं बिऱ्हाड खालच्या एका खोलीत गोळा होतं. ती खोली म्हणजे हमाम. अंघोळीची जागा वेगळी, तिला लागूनच. पण ही खोली बसण्या-जेवण्याची. तिची जमीन मोठ्या दगडी फरशांची आणि फरशांखाली पोकळी. बाहेरच्या बाजूने त्या पोकळीत जाड ओंडके सारायचे आणि पेटवून द्यायचे. धूर भिंतीतल्या नळीने वर जातो, फरश्या तापतात आणि एकदा तापल्या की रात्रभर निवत नाहीत. पोकळीच्या डोक्यावर तांब्याची टाकी बसवलेली असते, त्यामुळे वजूला, भांड्यांना, अंघोळीला गरम पाणी मिळतं. मोजे काढून त्या जमिनीवर पाय टेकले तेव्हा प्रवासाचा शीण घोट्यांपासून वर विरघळत गेला.

त्या रात्रीचं जेवण त्याच जमिनीवर झालं. दस्तरख्वान अंथरला, घरातल्या मुलाने नक्षीदार तांब्याचा तश्त-नारी आणून प्रत्येकाच्या हातावर कोमट पाणी घातलं. मग भात आला. काश्मिरी माणूस दोन्ही वेळा भात खातो, हे माहीत होतं. नवल वाटलं ते भाताबरोबरच्या पदार्थांचं. ताटातली एकही भाजी त्या दिवशी बाजारातून आलेली नव्हती. सुकवलेल्या दुधीच्या लांब पट्ट्या मटणात शिजवलेल्या, सुकवलेली वांगी टोमॅटोच्या वाळलेल्या कापांबरोबर, सलगमच्या वाळवलेल्या चकत्या राजम्यात. याला एकूण ‘होख स्युन’ म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात बायका भाज्या चिरून, दोऱ्यांत ओवून सज्जांवर आणि खिडक्यांवर टांगतात; आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर सांडग्या-कुरडयांचं वाळवण पडतं, तसं शरदात अख्खं श्रीनगर भाज्यांच्या माळा घालून उभं असतं. गवताच्या जाळात धुरावलेली मासळीही, तिला ‘फरि’ म्हणतात, याच बेगमीतली.

वाळलेली भाजी म्हणजे ताज्या भाजीची गरिबाघरची नक्कल, अशी माझी समजूत होती. ती त्या एका जेवणात पुसली गेली. सुकताना वांग्याचा रस आटतो आणि गर आवळून येतो. मग मोहरीच्या तेलात, बडीशेप आणि सुंठेच्या पुडीत तो हळूहळू शिजला की त्याला मांसासारखा चिवट, भरीव चावा येतो. आता जम्मूकडून बारा महिने ताजी भाजी येते. तरीही घरातल्या आजींनी सांगितलं, चिल्लई कलानमध्ये होख स्युन झालं नाही तर हिवाळा आला असं वाटत नाही. त्यांच्या सासरी पूर्वी ‘दान’ होतं, मातीची लांब चूल, एका ओळीत दोन-तीन भांडी बसतील अशी. स्वयंपाक आटोपला की दानमधले निखारे चिमट्याने उचलून घरातल्या प्रत्येकाच्या कांगडीत जायचे आणि खालची राख त्यावर पसरायची, म्हणजे विस्तव दबून राहतो आणि हळूहळू जळतो. उरलेली राख भांडी घासायला. आता स्वयंपाक गॅसवर होतो, पण हमामच्या तोंडाशी जेवणानंतर तेच वाटप चाललं होतं. ओंडक्यांचा जाळ फरशीला, निखारे माणसांना. लाकडाच्या एका भाऱ्याला या घरात इतकी कामं होती, की मला आमच्या शहरी जगण्यातला उष्णतेचा अपव्यय आठवून ओशाळायला झालं.

दुसऱ्या दिवशी फज्रच्या नमाजानंतर लगेचच आली कदलकडे निघालो. कदल म्हणजे पूल. झेलमवरचा हा पूल सुलतान अली शाहच्या काळातला, १४१५चा. आजूबाजूच्या गल्ल्यांत सगळी दुकानं बंद, रस्त्यावर गोठलेला चिखल. त्या अंधारात मधूनमधून एखाद्या दुकानाचा पिवळा चौकोन उजळलेला दिसतो आणि त्यापुढे फेरनमधल्या माणसांची दाटी. ही हरिसाची दुकानं. आली कदल, फतेह कदल, सराफ कदल, राजौरी कदल या जुन्या वस्त्यांत ती पिढीजात चालत आली आहेत आणि फक्त थंडीत उघडतात.

हरिसा म्हणजे मटण आणि तांदूळ रात्रभर शिजवून, घोटून एकजीव केलेला पदार्थ. एवढ्या वर्णनाने काहीच कळत नाही, म्हणून दुकानाची रचना सांगतो. दुकानदार रस्त्यापासून कंबरभर उंच ओट्यावर बसलेला असतो आणि त्याच ओट्यात भट्टी बांधलेली असते. भट्टीत मोठं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. वर फक्त त्याचं तोंड दिसतं. आदल्या दुपारी त्यात मटण पडतं, मग तांदूळ, बडीशेप, दालचिनी, वेलची, लवंग आणि ‘प्राण’ नावाचा इथला छोटा कांदा. खाली लाकडांचा मंद जाळ रात्रभर. मांस सुटलं की हाडं वेचून काढायची आणि लांब दांड्याच्या लाकडी घोटणीने ते घोटत राहायचं. मी गेलेल्या दुकानात घोटणारा तरुण मालकाचा पुतण्या होता. रात्री दोनपासून तो उभा होता. त्याने मला घोटणी हातात दिली; चार-पाच फिरक्यांतच खांदे भरून आले. मांसाचा धागा तुटता कामा नये, तो ताणला गेला पाहिजे, असं तो सांगत होता. चांगल्या हरिसाला उचललं की तार सुटते.

मागच्या छोट्या खोलीत गिऱ्हाइकांनी मांडी घालून बसायचं. भट्टीच्या धगीने तिची जमीनही गरम. ताटलीत हरिसा येतो, त्यावर मेथीतल्या बारीक चिरलेल्या आतड्याचा ‘मेथी माझ’, एखादा कबाब आणि मग शेवटी पळीत धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल. ते वरून पडताच चर्रर्र आवाज होतो आणि खोलीभर बडीशेपेचा वास उठतो. शेजारच्या भट्टीतून आलेली गिर्दा ही जाड रोटी मोडायची आणि खायचं. हा पदार्थ दहा मिनिटांत संपवायचा असतो; थंड झाला की त्यातली चरबी थिजते आणि सगळी मजा जाते. हॉटेलांच्या न्याहारीत ठेवलेला हरिसा मी नंतर चाखला, पण भट्टीपासून तुटलेला हरिसा आणि भट्टीच्या काठचा हरिसा यांची तुलनाच होऊ शकत नाही, हे माझं ठाम मत आहे.

त्या खोलीत माझ्या एका बाजूला हमाल होता, दुसऱ्या बाजूला बँकेतले एक अधिकारी. दोघं एकाच तापल्या जमिनीवर. बाहेर रांगेत काही जण घरून तांब्याचे डबे घेऊन उभे होते. मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिच्या सासरी हरिसा पाठवायची पद्धत इथे आहे आणि अशा डब्यावर कबाबांची सजावट करून देण्यात दुकानदार विशेष लक्ष घालतो. नऊ-दहापर्यंत मडकं रिकामं होतं. मग तो झोपायला जातो आणि दुपारी पुन्हा मांस निवडायला बसतो.

या पदार्थाचं कूळ फार लांबचं आहे. हरिसाची कृती दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाककृतिग्रंथात आहे; तिथे आणि पुढे इराण-तुर्कस्तानात तो गव्हाचा होतो. हैदराबादचा आणि आपल्या मराठवाड्यात रमजानमध्ये मिळणारा हलीम त्याच घराण्यातला. काश्मीरमध्ये गव्हाची जागा भाताने घेतली, कारण खोरं भाताचं. अफगाण अमदानीतला (१७५३ ते १८१९) एक सुभेदार हरिसा खाऊन खाऊन मेला, अशी दंतकथा तीन वेगवेगळ्या माणसांनी मला सांगितली आणि तिघांनीही ती हरिसाच्या गौरवार्थच सांगितली.

उजाडल्यावर झेना कदलकडे चालत गेलो. वाटेत प्रत्येक मोहल्ल्याला एक ‘कांदुर’ असतो, म्हणजे रोटी भाजणारा. सकाळी घरोघरची मुलं त्याच्याकडून गिर्दा नेतात, दुपारी तीळ लावलेली ‘चोचवोर’. घरात रोटी करायची पद्धत जवळजवळ नाहीच. म्हणजे न्याहारीचा विस्तव मोहल्ल्याने एका माणसाकडे सोपवलेला आहे. थंडीत या दुकानापुढे उगाच रेंगाळणारे पुष्कळ असतात. तंदूरची धग, ताज्या बातम्या आणि हातात गरम रोटी, तिन्ही एकदम मिळतात.

झेना कदल सुलतान झैन-उल-आबिदीनने १४२७मध्ये बांधला. काश्मीरमध्ये त्याला आजही ‘बडशाह’ म्हणतात आणि इथल्या अनेक हस्तकलांच्या भरभराटीचं श्रेय त्याला देतात. पुलाजवळची तांबट आळी दुरूनच ऐकू येते. इथेच मी समोवर उघडून पाहिला. बाहेरून ती कलाकुसरीची मोठी किटली. आत मधोमध उभी नळी. नळीत जळता कोळसा टाकायचा, भोवतीच्या पोकळीत पाणी. चहा उकळतो आणि तासन् तास गरम राहतो. विस्तव भांड्याच्या खाली न ठेवता भांड्याच्या पोटातच घातल्यामुळे समोवर उचलून बागेत, होडीत, मशिदीत कुठेही नेता येतो. सणासमारंभाला त्यात कहवा होतो: केशर, वेलची, दालचिनी, वर बदामाचे काप. रोजचा चहा मात्र ‘नून चाय’, मिठाचा. हिरव्या चहाची पानं चिमूटभर सोडा घालून पुष्कळ वेळ उकळायची, मग दूध आणि मीठ. सोड्यामुळे आणि उकळण्यामुळे त्याला गुलाबी रंग चढतो. पहिल्या घोटाला जीभ बिचकते. थंडीत दिवसभर भटकल्यावर मात्र साखरेच्या चहाची आठवण राहत नाही.

तांबटांची तक्रार एकच: यंत्रावर ठोकलेली भांडी. ती रोखण्यासाठी २००६मध्ये राज्याने कायदा केला, तरी बाजारात ती सर्रास दिसतात आणि अनोळखी गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. हाताने ठोकलेल्या भांड्याचा पत्रा जाड असतो, त्यावर हातोडीच्या खुणा राहतात आणि ते जास्त वेळ गरम राहतं, असं एका वृद्ध कारागिरांनी दोन्ही भांडी माझ्या हातात देऊन समजावलं. श्रीनगरला २०२१मध्ये युनेस्कोने हस्तकलेचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. त्या मानाचा उपयोग या आळीतल्या भात्यापाशी बसलेल्या माणसांना व्हावा, असं मनापासून वाटलं.

नदीकाठीच खानकाह-ए-मौला आहे, सूफी संत शाह हमदान यांच्या नावाची. मूळ इमारत १३९५ची; ती जळाली, पुन्हा उभी राहिली, पुन्हा जळाली आणि आजची वास्तू १७३२ची आहे. देवदाराच्या साडेतीनशेहून अधिक खांबांवर उभी असलेली नौहट्ट्याची जामा मशीदही तीनदा आगीत सापडली. हे शहर लाकडाचं आणि त्याचा हिवाळा निखाऱ्यांवरचा; या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की इथल्या घरांत विस्तवाची इतकी शिस्त का आहे ते कळतं. झोपताना कांगडी कुठे ठेवायची, मुलांच्या हाती किती वर्षांपर्यंत द्यायची नाही, राख कुठे ओतायची, सगळ्याचे नियम ठरलेले. मशिदींनाही हमाम असतात आणि दोन नमाजांच्या मधल्या वेळात म्हातारी माणसं तिथल्या तापल्या फरशांवर बसून मोहल्ल्याचे प्रश्न चघळतात. मी बसलो त्या दिवशी विषय होता वीज.

संध्याकाळी खय्याम चौकात गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला लोखंडी शेगड्यांची ओळ लागते आणि त्यांवर ‘मसाला तुज’ भाजतात: मसाल्यात मुरवलेले मांसाचे तुकडे, सळईत ओवलेले. सोबत लवासा ही पातळ रोटी आणि चटण्यांच्या वाट्या; मुळा-अक्रोडाची सगळ्यांत उत्तम. कॉलेजची मुलंमुली, कुटुंबं, पर्यटक सगळे धुरात डोळे चोळत उभे. अंधार लवकर पडणाऱ्या शहरात ही गजबज पाहून बरं वाटलं.

वाझवान, म्हणजे इथली लग्नाची मेजवानी, मी शहराच्या कडेला एका लग्नघरी पाहिला. बहुतेक लग्नं सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकतात. हे घरातल्या परदेशी असलेल्या भावाच्या सुट्टीमुळे जानेवारीत आलेलं. घरामागे पत्र्याचा आडोसा करून ‘वुर’ मांडली होती, म्हणजे वाझांची, आचाऱ्यांची, उघडी रांधणी. विटा-मातीची लांबलचक चर, तिच्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सफरचंद आणि इतर फळझाडांचे ओंडके जळत होते आणि वर कल्हई केलेल्या तांब्याच्या पातेल्यांची ओळ. प्रमुख आचाऱ्याला ‘वस्ता वाझा’ म्हणतात. तो स्वतः फारसं ढवळत नव्हता. ओंडका पुढे सरकव, मागे ओढ, इथला जाळ तिकडे ने, एवढंच तो खुणेने सांगत होता. गॅसच्या शेगडीची कळ फिरवावी त्यापेक्षा हे अवघड, कारण प्रत्येक ओंडक्याची जळण्याची चाल निराळी.

दुसरीकडे मांस कुटणं चालू होतं. ताज्या मटणाचे तुकडे दगडावर ठेवून लाकडी हातोड्याने तालात कुटतात, मधूनमधून शिरा वेचून काढतात, चरबी मिसळतात, जोवर त्याचा मऊसूत गोळा होत नाही तोवर. त्याचेच रिस्ता आणि गोश्ताबा हे मांसाचे गोळे होतात. रिस्ताच्या रश्श्याचा लाल रंग ‘मावल’चा, म्हणजे कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या दिसणाऱ्या फुलाच्या अर्काचा. परंपरेने वाझवानात छत्तीस पदार्थ सांगतात. लग्नात त्यांतले बरेच होतात. चार माणसं एका त्रामीभोवती बसतात. तांब्याच्या या मोठ्या थाळ्यात भाताची रास, तिच्यावर चार दिशांना कबाब, तबकमाझ, कोंबडी. मग वाझा एकेक पातेलं घेऊन येत राहतो. दह्याच्या रश्श्यातला गोश्ताबा आला की जेवण संपत आलं असं समजायचं. माझ्या त्रामीवरचे तिघं मला पूर्ण अनोळखी होते. पहिल्या घासाआधी त्यांतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी आपल्या वाट्याचा उत्तम तुकडा माझ्या बाजूला सरकवला आणि पुढचा तासभर तिघांनी मला तुटक उर्दूत प्रत्येक पदार्थाची ओळख करून दिली.

या सगळ्याची किंमतही आहे आणि ती लपवून हे वर्णन पुरं होणार नाही. हिवाळ्यात खोऱ्यावर थंड हवेचं झाकण बसतं आणि धूर त्याखाली कोंडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रीनगरच्या हिवाळी हवेत सूक्ष्म धुलिकणांचं प्रमाण घनमीटरला ३४८ मायक्रोग्रॅमपर्यंत गेल्याची नोंद आहे. आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. सर्वांत मोठा वाटा घरगुती कोळशाचा. कांगडीचे चटके वर्षानुवर्षं बसून मांडीच्या आणि पोटाच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन तर श्रीनगरातल्या मिशनरी डॉक्टर एल्मस्ली यांनी १८६६मध्येच केलं होतं. मी उतरलो त्या घरात आता विजेचे ब्लँकेट आहेत. पण थंडी वाढते तशी विजेची मागणी वाढते आणि कपातीचं वेळापत्रक निघतं. मग कोपऱ्यातली कांगडी पुन्हा पुढे येते.

ती कुठून येते ते पाहायला शेवटी चरार-ए-शरीफला गेलो. श्रीनगरहून तीसेक किलोमीटर, बडगाम जिल्ह्यातल्या पठारावरचं गाव. शेख नूरुद्दीन नूरानी, म्हणजे नुंद ऋषी, यांचा दर्गा इथे आहे. काश्मीरमध्ये हिंदू आणि मुसलमान दोघंही त्यांना मानतात. जुना लाकडी दर्गा मे १९९५मध्ये चकमकीच्या काळात जळाला, नंतर नवा बांधला. भोवतीच्या गल्ल्यांत कांगड्यांची दुकानं आणि त्यामागे विणणाऱ्यांची घरं.

कांगडी दोघांची निर्मिती असते. आतलं ‘कोंदुल’ हे मातीचं भांडं कुंभार करतो, भोवतीची टोपली विणकर. डहाळ्या रानझुडपांच्या, त्या सोलतात, वाळवतात, काही रंगवतात. पाठीशी लाकडाची किंवा धातूची ‘चालन’ बांधलेली असते, निखारे वरखाली करायला. जळणही खास: शरदात गळलेली चिनारची पानं झाडून, जाळून, वेळेवर पाणी शिंपडून केलेला हलका कोळसा. हे काम बहुतेक बायका करतात. तळाशी हा कोळसा, वर चार निखारे, त्यावर राख. सकाळी भरलेली कांगडी संध्याकाळपर्यंत पुरते.

ज्यांच्या ओसरीवर बसलो त्या विणकरांकडे साध्या कांगड्या होत्या आणि आरसे-टिकल्या लावलेल्या, नवरीबरोबर सासरी जाणाऱ्याही. संक्रांत नुकतीच झाली होती. काश्मिरी पंडितांकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने कांगडी दान देतात आणि नव्या सुनेलाही एक देतात. १९९०च्या सुमारास बहुसंख्य पंडित कुटुंबं खोरं सोडून गेली. संक्रांतीच्या कांगड्यांची मागणी आता जम्मूहून येते, आणि त्यांनी यंदाही माल पाठवला होता. जुन्या गिऱ्हाइकांची नावं त्यांनी माझ्यापुढे एकामागून एक घेतली, कुणाची मुलगी कुठे दिली हेही त्यांना ठाऊक होतं.

वीज नीट मिळू लागली तर हा धंदा बसेल का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी हातातली डहाळी वाकवून आत घेतली आणि म्हणाले, घरात बसणाऱ्याचं बघा, त्याला हीटर चालेल. पण दलमध्ये होडीत उभं राहून नदरू, म्हणजे कमळकाकडी, काढणारा, गल्लीत मासळी विकणारी, मेंढ्यांमागे जाणारा, दुकानाच्या फळीवर दिवसभर बसणारा, यांना तार कुठून जोडणार?